नव्या लेखकाची पहिली भयकादंबरी आपल्या लायब्ररीत कशी आणायची

आमच्या लायब्ररीतल्या एका भयकादंबरीच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आहे. ती भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवली आणि आता तीही भरत आलीय. लेखकाचं ते पहिलंच पुस्तक. दोन वर्षांपूर्वी खरेदीच्या यादीतून ते जवळजवळ कटलं होतं, कारण समितीत कोणालाच लेखकाचं नाव माहीत नव्हतं आणि कव्हरवरचा तो लाल डोळा बघून दोघांनी पानसुद्धा उलटलं नाही.

मी राहते ठाण्यात, नोकरी वाशीला, आणि गेली सहा वर्षं ठाण्यातल्याच एका वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीवर आहे. त्याआधी चार वर्षं साधी सभासद होते आणि दर महिन्याला सूचना वहीत भयकथांची नावं लिहायचे, त्यातलं एकही पुस्तक आलं नाही. तेव्हा वाटायचं की यांना भुताखेताचं काही नकोच असतं. समितीवर गेल्यावर ती वही माझ्याच हातात आली आणि कळलं की वाचकांनी लिहिलंय काय, तर 'हॉरर पुस्तके आणावीत', 'नवीन भयकथा मागवा', बस. कुठलं पुस्तक, कोणाचं, कुठे मिळतं, कोण वाचेल, काही नाही. एवढ्यावर कोणीही पुस्तक विकत घेऊ शकत नाही. जुन्या, नाव झालेल्या लेखकाचं एकवेळ चालून जातं, पण पहिल्या पुस्तकाला मागचं काहीच नसतं, त्याच्या बाजूने बोलायला कोणीतरी लागतं आणि ते तुम्हाला करता येतं, त्यासाठी समितीवर असावं लागत नाही. कसं करायचं ते खाली एकेक करून सांगते.

१. आधी तुमची लायब्ररी कुठल्या प्रकारची आहे ते विचारून घ्या

हे लोक करतच नाहीत आणि मग चुकीच्या माणसाकडे अर्ज देऊन वाट बघत बसतात. आपल्या भागात साधारण चार प्रकार सापडतात.

पहिला म्हणजे संस्थेने चालवलेली सार्वजनिक वाचनालयं. ठाण्यात ही परंपरा फार जुनी आहे, मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, त्याखाली शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. इथे पुस्तक निवड समिती किंवा कार्यकारिणी ठरवते, आणि ग्रंथपालांचा शब्द बऱ्यापैकी चालतो. दुसरा प्रकार महापालिकेची वाचनालयं आणि अभ्यासिका, तिथे खरेदी एकदम होते आणि वरून मंजुरी लागते, म्हणून तिथे शिफारस लेखीच द्यायची आणि पोच घ्यायची. तिसरा कॉलेजची लायब्ररी, तिथे मराठी किंवा इंग्रजी विभागातल्या प्राध्यापकांची सही असली की काम पुढे सरकतं. चौथा म्हणजे खासगी, महिन्याच्या वर्गणीवर चालणारी, वाशी, नेरूळ, नौपाडा अशा भागातली छोटी दुकानवजा लायब्ररी. तिथे मालकाशी काउंटरवरच बोलायचं, पाच सभासदांनी मागितलं की पुस्तक पुढच्या आठवड्यात हजर.

हा लेख मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल आहे, कारण मला तोच आतून माहीत आहे. बाकीच्यांना यातलं बरंचसं तसंच लागू पडतं.

२. पहिली कादंबरी शोधायची कुठे

नामांकित प्रकाशकांच्या याद्या सगळेच बघतात. पण नव्या लेखकाची भयकादंबरी बऱ्याचदा छोट्या प्रकाशकाकडून येते आणि त्याची जाहिरात कुठेच नसते. मी जिथे जिथे शोधते ते सांगते.

दिवाळी अंक. भयकथा, गूढकथा लिहिणारी नवी माणसं आधी इथे दिसतात. ज्याची कथा आवडली त्याचं नाव वहीत लिहून ठेवायचं, वर्ष-दोन वर्षांत त्याची कादंबरी येते का बघायचं. माझ्या वहीतल्या अशा नावांपैकी तिघांची पुस्तकं पुढे आली आणि तिन्ही आम्ही घेतली.

मोबाइलवरचं लेखन. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी मराठीत भयकथा भाग-भाग करून खूप लिहिल्या जातात आणि त्यातल्या काही नंतर छापील कादंबरी म्हणून येतात. इथला धोका पुढे सांगते.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान द्यायची योजना आहे. अनुदान मिळालेल्या पुस्तकात तसा उल्लेख असतो, तो सापडला तर हस्तलिखित कोणीतरी तपासलंय एवढी खात्री मिळते. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशन असा वेगळा विभाग आहे, त्याची यादी दरवर्षी बघत जा, भयकादंबरी तिथे क्वचित दिसते पण दिसली तर समितीपुढे तुमचं काम सोपं होतं.

इंग्रजी विभाग असेल तर तिकडचं काम जास्त सोपं आहे. अमेरिकेतल्या हॉरर रायटर्स असोसिएशनच्या ब्रॅम स्टोकर पुरस्कारात पहिल्या कादंबरीसाठी वेगळा पुरस्कार १९८७ पासून आहे, आणि नुसती विजेत्याची नाही तर अंतिम फेरीतल्या सगळ्यांची नावं जाहीर होतात. हीच संस्था २०१९ पासून ग्रंथपालांच्या मदतीने 'समर स्केअर्स' नावाचा उपक्रम चालवते, त्यात मोठ्यांसाठी, किशोरांसाठी आणि लहान मुलांसाठी अशा वेगवेगळ्या याद्या असतात. त्यातली सगळी पुस्तकं पहिली नसतात, पण वयाप्रमाणे भीतीचं पुस्तक कसं निवडायचं हे शिकायला ती यादी फार उपयोगी पडते.

आणि एक साधी गोष्ट, तुमच्या ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याला सांगून ठेवा. 'दादा, नवीन कोणाची भयकादंबरी आली की बाजूला ठेवा' एवढंच. विक्रेत्याच्या हातून जेवढी पुस्तकं जातात तेवढी आपल्याला दिसणंच शक्य नाही.

३. पूर्ण वाचा, शेवटच्या पानापर्यंत

या पायरीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

समितीवर आल्यानंतरचं दुसरं वर्ष. एक कादंबरी मी ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचत होते, नव्वद पानं झाली होती, भाषा सुंदर, कोकणातलं घर, वडिलांचं आजारपण, सगळं आवडलं, आणि यादी द्यायची तारीख जवळ आली म्हणून तेवढ्यावरच मी शिफारस लिहून दिली. पुस्तक आलं. महिनाभराने एक आजोबा काउंटरवर आले, पुस्तक उघडं करून टेबलावर ठेवलं आणि ग्रंथपाल मॅडमना म्हणाले, "हे तुम्ही वाचलंत का? नववीतल्या नातीला नेलं होतं मी." शेवटच्या भागात लहान मुलाच्या छळाचं तीन पानांचं वर्णन होतं, अगदी बारीकसारीक. पुस्तक वाईट नव्हतं, मोठ्या वाचकाच्या हातात ते योग्यच होतं, पण मी शिफारशीत लिहिलं होतं 'कौटुंबिक वातावरणातली भयकथा' आणि मॅडमनी त्याच शब्दांत ती आजोबांना सुचवली होती. आजोबांचा आवाज चढलेला नव्हता, ते नुसते त्या पानावर बोट ठेवून उभे होते. त्या दिवसानंतर मी अर्धवट वाचलेलं एकही पुस्तक सुचवलेलं नाही.

वाचताना काय बघायचं?

एक, शेवट. पहिल्या भयकादंबऱ्या जास्त करून शेवटी घसरतात. दीडशे पानं छान भीती उभी करायची आणि मग 'हे सगळं स्वप्न होतं' नाहीतर अचानक एक बाबा येऊन मंत्र म्हणून सगळं निस्तरतो. असा शेवट असला तरी पुस्तक सुचवता येतं, पण शिफारशीत खरं सांगा.

दोन, प्रकार नीट ओळखा. आपल्याकडे रहस्यकथा, गूढकथा, भयकथा सगळं एकाच कपाटात टाकतात. रहस्यकथेत शेवटी उलगडा होतो, खुनी सापडतो. गूढकथेत काहीतरी न उलगडलेलं राहतं आणि वाचकाला ते राहिलेलं आवडतं. भयकथेचा हेतू भीती हाच असतो, मग उलगडा होवो न होवो. रहस्यकथा नेणाऱ्या वाचकाला न उलगडणारी भयकादंबरी दिली की तो चिडतो आणि परत त्या लेखकाकडे वळत नाही, यात चूक पुस्तकाची नसते.

तीन, लोककथेतली भुतं असतील तर लेखकाला ती माहीत आहेत का बघा. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यापाशी, चकवा वाट चुकवतो, देवचार राखणदार असतो. कोकणातून आलेले वाचक ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत भरपूर आहेत आणि त्यांना यातली चूक लगेच कळते. लेखकाने मुद्दाम बदल केला असेल तर तो कथेत दिसतो, न कळता केला असेल तर तोही दिसतो. मुंजाला समुद्रात राहायला पाठवणारं एक पुस्तक मी वाचलंय आणि त्यात पुढे त्याचं कारण इतकं सुंदर येतं की मी ते दोनदा वाचलं.

चार, मोबाइलवर भागांत आलेल्या कादंबरीचं संपादन. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मागच्या प्रकरणात काय झालं ते परत सांगितलेलं असतं आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार वाजतं. मोबाइलवर आठवड्याला एक भाग वाचताना ते चालतं, सलग वाचताना दहाव्या प्रकरणात पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटतं. चांगल्या प्रकाशकाने हे काढून टाकलेलं असतं. नसेल काढलं तर दुसरी आवृत्ती येईपर्यंत थांबायला हरकत नाही.

पाच, वाचता वाचता पान क्रमांक टिपत जा. हिंसा कुठे, आत्महत्या कुठे, लहान मुलं किंवा प्राणी यांना इजा कुठे, लैंगिक अत्याचार कुठे. मी पेन्सिलीने नाही लिहीत, पुस्तक बहुधा विक्रेत्याचं असतं, मोबाइलच्या नोट्समध्ये टाकते. पुढे शिफारशीत याच्याच दोन ओळी होतात.

४. पुस्तक वस्तू म्हणून तपासा

घरात एकदा वाचायचं पुस्तक आणि लायब्ररीत पन्नास हात फिरणारं पुस्तक यात फरक आहे. पुस्तक मधोमध उघडून हलकेच मागे वाकवा. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं असेल तर कण्यावर कडकडून आवाज येतो, आणि पाच-सहा वाचकांनंतर पानं सुटायला लागतात. छोट्या प्रकाशकांची आणि स्वतः छापलेली पुस्तकं बरीच अशी असतात. म्हणून नाकारू नका, पण शिफारशीत लिहा की आल्याआल्या शिलाई करून पक्कं बाइंडिंग करावं लागेल, म्हणजे तो खर्च आधीच धरला जातो. आमच्याकडे एक कादंबरी सहाव्या सभासदाकडून आली तेव्हा तिची शेवटची बारा पानं वेगळी, रबर बँड लावलेली होती, आणि भयकादंबरीची शेवटची बारा पानं हरवणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

मग नावाच्या पानामागचं पान बघा. प्रकाशकाचं नाव-पत्ता, आवृत्ती, वर्ष, किंमत, आयएसबीएन. तेरा आकडी आयएसबीएन ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होत असेल तर तो भारतात घेतलेला आहे. ९७९-८ ने सुरू होत असेल तर तो अमेरिकेचा, बहुतेक वेळा परदेशी वेबसाइटवरून लेखकाने स्वतः छापलेलं पुस्तक असतं, ते इथल्या विक्रेत्याकडून बिलावर मिळेलच असं नाही. आयएसबीएन नसला तरी पुस्तक घेता येतं, पण बिल मात्र लागतंच, बिल नसलेली खरेदी हिशेबात बसत नाही. आपल्या देशात आयएसबीएन मोफत मिळतो, तेव्हा कोणी ओळखीचा नवा लेखक पैसे भरून घेतोय असं कळलं तर त्याला आधीच थांबवा.

५. कपाटात आधी काय आहे ते बघा

एक दुपार काढा आणि तुमच्या लायब्ररीतलं रहस्य-भय-गूढ हे कपाट खालपासून वरपर्यंत बघा. बहुतेक ठिकाणी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांचीच पुस्तकं असतात, झिजलेली, दोन-दोनदा बाइंडिंग केलेली. ती झिजलेली आहेत हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. धारप २००८ मध्ये गेले, मतकरी २०२० मध्ये. म्हणजे वाचक आजही नेतायत आणि नवीन काही त्यांच्या हातात येत नाहीये. प्रत्येक पुस्तकाच्या मागची चिठ्ठी उघडून गेल्या वर्षभरात किती वेळा बाहेर गेलं ते मोजा, दहा-बारा पुस्तकांचं मोजलंत तरी पुरे. लायब्ररी ई-ग्रंथालयसारख्या सॉफ्टवेअरवर असेल तर ग्रंथपाल एका मिनिटात काढून देतात, नम्रपणे विचारा फक्त, आणि सभासदांची नावं मागू नका, आकडेच मागा.

एक सापळा इथे आहे. नव्या पुस्तकाला 'हा दुसरा धारप' असं म्हणायचा मोह होतो. नका म्हणू. समितीतले ज्येष्ठ लगेच तुलना करतात आणि पहिलं पुस्तक त्या तुलनेत हरतं. त्यापेक्षा धारप नेणाऱ्या वाचकाला यात नेमकं काय सापडेल ते लिहा.

६. शिफारस लिहा, एका पानाच्या आत

सोबत काय काय लागतं ते आधी देते, गोळा करून ठेवा:

- तुमचा सभासद क्रमांक आणि वर्गणी भरल्याची पावती (थकबाकी असेल तर आधी भरा)
- पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, पानं, किंमत, आयएसबीएन
- कव्हरचा आणि नावाच्या पानामागच्या पानाचा फोटो किंवा झेरॉक्स
- पुस्तक कुठल्या विक्रेत्याकडे मिळतं, किती कमिशन (छापील किमतीवरची सूट) देतो
- कपाटातून मोजलेले आकडे
- आणखी दोन-तीन सभासदांच्या सह्या, मिळाल्या तर

आता मजकूर. नमुना म्हणून मी एक काल्पनिक पुस्तक धरते:

'लेखिकेची ही पहिली कादंबरी, १९२ पानं. घणसोलीतल्या एका इमारतीचं रिडेव्हलपमेंट होणार असतं, सगळे घर सोडून जातात, एकच कुटुंब मागे राहतं आणि वरच्या रिकाम्या घरातून रोज रात्री कोणीतरी भांडी घासल्याचा आवाज येतो. भीती आवाजांतून आणि नवरा-बायकोच्या एकमेकांवरच्या संशयातून उभी राहते, रक्तपात जवळजवळ नाही. पान १४० ते १४३ वर आत्महत्येचं वर्णन आहे. शेवट उलगडा करत नाही. मोठ्यांच्या विभागात ठेवावी. आपल्याकडे या प्रकारातली बारा पुस्तकं गेल्या वर्षात एकूण ९६ वेळा बाहेर गेली, त्यातलं सगळ्यात नवीन पुस्तक अकरा वर्षांपूर्वीचं आहे. आजच्या शहरातली भयकादंबरी आपल्याकडे नाही. गोंदाचं बाइंडिंग आहे, शिलाई करावी लागेल. एक प्रत घ्यावी. मी पुस्तक पूर्ण वाचलं आहे आणि लेखिकेशी माझी ओळख नाही.'

बघा, यात कुठेही 'अप्रतिम', 'अंगावर काटा आणणारी' असं काही नाही. असे शब्द मलपृष्ठावर असतात आणि समिती ते रोज वाचते. भांडी घासल्याचा आवाज मात्र लक्षात राहतो, बैठकीत कोणीतरी नक्की म्हणतं, 'ते भांड्यांवालं पुस्तक कुठलं ते?' आणि तिथेच अर्धं काम होतं.

शेवटचं वाक्य विसरू नका. लेखक ओळखीचा असेल तर तसं लिहा, त्यात कमीपणा काही नाही, पण न सांगता सुचवलंत आणि नंतर कळलं तर तुमची पुढची शिफारस कोणी गंभीरपणे घेत नाही. लेखक स्वतः भेट प्रत घेऊन येतात तेव्हाही मी त्यांना सांगते, प्रत द्या पण सोबत असा एक कागद द्या, नाहीतर भेट आलेल्या गठ्ठ्यात ती महिनोन्महिने दाखल नोंदीची वाट बघत पडते.

७. आक्षेप येणार, तयारीत राहा

'अंधश्रद्धा पसरते.' हा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो आणि तो टोलवू नका, मांडणारा माणूस बहुतेक वेळा मनापासून बोलत असतो. मी सांगते की २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा नरबळी, अघोरी कृत्यं, भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण आणि असल्या गोष्टींचा प्रचार याबद्दल आहे. कादंबरी स्वतःला कल्पित म्हणते आणि वाचक ती कल्पित म्हणूनच वाचतो. पण याच कारणाने मी एक रेघ आखलीय आणि ती तुम्हीही आखा असं मला मनापासून वाटतं. ज्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लेखक म्हणतो की हे सगळं खरं घडलंय, अमुक विधी केल्याने माझी सुटका झाली, आणि शेवटच्या पानावर संपर्कासाठी मोबाइल नंबर देतो, ते पुस्तक कितीही भीतीदायक असो, मी सुचवत नाही. घाबरलेला माणूस तो नंबर फिरवतो. असं एक पुस्तक माझ्याकडे आलं होतं, मी ते परत पाठवलं आणि का ते लेखी कळवलं.

'हे साहित्य नव्हे.' यावर वाद घालत बसू नका. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत एक आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि दुसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ग्रंथपालांना हे पाठ असतं. तुम्ही फक्त तो वाचक दाखवा. आमच्याकडे रात्रपाळी करणारी एक नर्स येते, शनिवारी दुपारी, डोळे लाल, आणि काउंटरवर म्हणते, "ताई, काहीतरी घाबरवणारं द्या, झोप उडवणारं." तिला धारपांचं जे आहे ते सगळं वाचून झालंय. मी बैठकीत तिचं नाव न घेता एवढंच सांगितलं होतं, तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मग घ्या, तिच्यासाठी घ्या."

'नवीन लेखक, पैसे वाया जातील.' इथे तडजोड सुचवा. एकच प्रत, आणि सहा महिन्यांनी किती वेळा बाहेर गेली त्याचा आकडा. साधारण दोनशे पानांच्या मराठी कादंबरीला आजकाल अडीचशे-चारशे रुपये पडतात, कमिशन वजा जाऊन त्याहून कमी. तेवढी जोखीम समिती घेते, लेखी अट घातली की घेतेच.

'मुलांच्या हातात जाईल.' हा आक्षेप बरोबर आहे. मोठ्यांचा विभाग, आणि मागच्या पानावर ग्रंथपालांसाठी छोटी खूण, एवढं मान्य करा.

८. वेळ सांभाळा

अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो. फेब्रुवारीत घाई असते, यादी आधीच ठरलेली असते आणि शासनमान्य यादीतली पुस्तकं, पुरस्कारप्राप्त पुस्तकं यांना जागा आधी जाते. तुमची शिफारस ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्या, राहिली तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दिल्यावर पोच घ्या आणि महिन्याने एकदा विचारा, दर आठवड्याला नाही. समितीची बैठक कधी आहे ते ग्रंथपालांना विचारून ठेवलं तर सगळ्यात बरं.

एका वेळी एकच पुस्तक सुचवा, फार तर दोन. वीस नावांची यादी दिली की ती फाईलला लागते.

९. पुस्तक आल्यावर काम संपत नाही

नवीन पुस्तक दाखल होतं, मराठी कादंबरी म्हणून त्याच्यावर ८९१.४६३ असा ड्युई वर्गीकरणाचा क्रमांक किंवा तुमच्याकडची जी पद्धत असेल ती पडते, आणि मग ते लेखकाच्या आडनावाप्रमाणे कादंबऱ्यांच्या लांबलचक रांगेत जाऊन बसतं. तिथे ते कोणालाच दिसत नाही. पहिल्या पुस्तकाचं आडनाव कोणी शोधत येत नसतं.

म्हणून ग्रंथपालांना विनंती करा की पहिले दोन महिने ते काउंटरजवळच्या नवीन पुस्तकांत, नाहीतर धारप-मतकरींच्या शेजारी ठेवा. स्वतः पहिल्यांदा नेऊ नका, तुम्ही वाचलेलं आहे. ज्यांच्या सह्या घेतल्या होत्या त्यांना सांगा, आलंय, घेऊन जा. कोणी परत करायला आलं आणि तुम्ही तिथे असलात तर विचारा कसं वाटलं, आणि आवडलं नसेल तर का ते नीट ऐका, पुढच्या शिफारशीला ते उपयोगी पडतं. लेखक ठाणे-नवी मुंबईतला असेल तर तासाभराचा वाचकांशी गप्पांचा कार्यक्रम करता येतो, आम्ही एकदा पावसाळ्यात केला होता, सत्तावीस लोक आले, मध्येच वीज गेली आणि लेखकाने मोबाइलच्या उजेडात पुढचं पान वाचलं, एकही जण उठला नाही.

सहा महिने झाले की ठरल्याप्रमाणे चिठ्ठीवरचे शिक्के मोजा आणि आकडा स्वतः नेऊन समितीला द्या, चांगला असो वा वाईट. माझ्या आठ शिफारशींपैकी दोन पुस्तकं फारशी गेली नाहीत, तेही मी लिहून दिलं, कारणांसकट. त्या लाल डोळ्याच्या कादंबरीचे शिक्के पहिल्या सहा महिन्यांत तेरा होते. त्याच लेखकाची दुसरी कादंबरी या जूनमध्ये आली, तिच्यासाठी मला काही लिहावं लागलं नाही, सूचना वहीत चार जणांनी नावासकट, प्रकाशकासकट आणि किमतीसकट मागणी नोंदवली होती.